धार कोणाच्या हातात?

यंत्र आले आणि हातकाम बुडाले, हे विधान सुतारकामाबद्दल इतक्यांदा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. वाशिम जिल्ह्यापुरते तपासले तर ते अर्धेच खरे ठरते. इथल्या सुताराचे पिढीजात काम यंत्राने नेले यात शंका नाही. पण ते यंत्र म्हणजे बेल्ट सँडर नव्हे, रंधा मशीनही नव्हे. ते काम नेले लोखंडी नांगराने, ट्रॅक्टरने आणि पेरणीयंत्राने, म्हणजे शेतात चालणाऱ्या यंत्रांनी. लाकूड घासणारा सँडर सुतारावर कोणी लादला नाही. तो त्याने स्वतःच्या पैशाने घेतला, कारण सागाच्या दाराची फळी हाताने घासणे हे या धंद्यातले सर्वांत कंटाळवाणे काम, आणि त्याचे वेगळे पैसेही कोणी मोजत नाही. तेव्हा सँडरने काय हिरावले, असे विचारून फारसे हाती लागत नाही. हत्यार बिघडले तर ते दुरुस्त कोण करतो, कुठे करतो आणि तोवर काम कोणाच्या मर्जीवर थांबते, हे विचारले पाहिजे. गेल्या शेसव्वाशे वर्षांत इथल्या सुतारकामात खरा फरक पडला तो या जागी, आणि तो वीज येण्याच्या आधीपासून पडू लागला होता.

आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. मात्र वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेल्यानंतर बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होताच. तो १९०५ मध्ये मोडला आणि त्याचा बराच भाग अकोल्याला जोडला गेला. त्या काळच्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या थोरल्या कासेतला. वखर, डवरा, तिफण, जू, बैलगाडीची चाके आणि घराची आढी-वासे हे त्याचे काम, आणि खळ्यावर मिळणारी ज्वारी हा त्याचा मोबदला. लाकूड बहुतेक बाभळीचे. काळ्या भारी जमिनीत बाभूळ उदंड वाढते, चिवट असते आणि औताला तेच हवे. वऱ्हाडात इंग्रजी जंगल खात्याने बाभळीची बने मुद्दाम राखली होती ती काही उगीच नव्हे. या कामात गुळगुळीतपणाला जवळजवळ किंमत नव्हती. तिफणीच्या तीन दात्यांमधले अंतर चुकता कामा नये, कारण ते चुकले की सगळ्या शेताचे तास चुकतात. चाकाचे आरे तुंब्यात घट्ट बसले पाहिजेत. जू बैलाच्या मानेला लागता कामा नये. रुमण्याची मूठ खरबरीत असली तर ती दोन हंगामांत शेतकऱ्याच्या तळव्यानेच गुळगुळीत होई. घासकाम हा सुतारकीचा अनादि भाग आहे आणि यंत्राने फक्त त्याचा वेग वाढवला, असे जे गृहीत धरले जाते ते म्हणूनच या भागाला लागू पडत नाही. खेड्यातल्या सुताराला घासायचे कारणच फारसे पडत नव्हते.

गुळगुळीत लाकूड या मुलखात नव्हतेच असे नाही. ते होते, पण बलुत्याबाहेरच्या पैशातून आलेले. कारंजा ही जुनी व्यापारी पेठ; जैन भट्टारकांच्या गाद्या तिथे होत्या, आणि तिथल्या काष्ठासंघाच्या मंदिरातले कोरीव लाकूडकाम आजही जाणकारांना खेचून आणते. असल्या कामाची सफाई पॉलिश पेपरने आलेली नसते. कोरलेल्या वेलबुट्टीवर कागद फिरवला तर कडा बोथट होतात आणि नक्षी विरघळल्यासारखी दिसते. ती सफाई येते पटाशीच्या शेवटच्या हलक्या छाटीतून. सपाट भागावर रंध्याच्या पातळ कापातून, आणि फार तर फुटक्या काचेच्या धारेने खरवडून. म्हणजे जुन्या पद्धतीत लाकूड गुळगुळीत होते ते कापून, झिजवून नव्हे. कापायचे म्हटले की धार आली, आणि धार म्हटले की ती लावणारा हात आला. माझा सगळा मुद्दा या एका फरकावर उभा आहे.

धार लावणे म्हणजे काय ते जरा जवळून पाहावे. पटाशीचा उतार दगडावर पूर्ण टेकवायचा, पाणी शिंपडायचे, आणि मनगट न हलवता पुढे-मागे घासायचे. मनगट डुलले की उतार गोल होतो आणि पटाशी लाकडात शिरण्याऐवजी वर सटकते. थोड्या वेळाने पात्याच्या सपाट बाजूवरून बोट फिरवले की बारीकशी उलटलेली कोर जाणवते. ती जाणवली म्हणजे दगड टोकापर्यंत पोचला. मग पाते पालथे घालून ती कोर काढायची, आणि शेवटी अंगठ्याच्या नखावर किंवा लाकडाच्या आडव्या रेषेवर धार पाहायची. दिवसातून हे कितीदा करायचे ते लाकूड ठरवते. बाभूळ धार लवकर खाते. सागही दिसायला मऊ, पण त्याच्यात वाळूसारखी सिलिका असते आणि पाते लवकर बोथट होते. हे सगळे शिकाऊ पोराला पहिल्या वर्षी शिकवले जाई, लाकडाला हात लावू देण्याच्याही आधी. हत्याराची देखभाल आणि हत्याराचा वापर या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

यावर कोणी म्हणेल की हे जुन्याचे कौतुक झाले. सुतार तेव्हा तरी स्वावलंबी कुठे होता? पोलाद त्याचे नव्हते, पात्याला पाणी द्यायला तो लोहाराकडेच जात होता. आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. परावलंबन जुनेच आहे. फरक त्याच्या जातीचा आहे. लोहार त्याच गावात, त्याच बलुत्यात, त्याच पेरणीच्या घाईत अडकलेला. त्याचा भाता बंद राहिला तर गावाचे औत अडे आणि गाव त्याला बोले. शिवाय त्याच्याकडे जावे लागे ते क्वचित, पाते तुटले किंवा मऊ पडले तर. रोजची धार सुताराचीच होती. ज्या दिवशी रोजची देखभालसुद्धा बाहेर गेली, त्या दिवशी धंद्याचा पाया हलला.

तो दिवस आणला कागदाने. लंडनच्या जॉन ओकी यांनी १८३३ मध्ये काचेचा चुरा चिकटवलेला कागद कारखान्यात तयार करायला सुरुवात केली. जुने मिस्त्री अजून त्याला काचपेपर म्हणतात. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांना विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडले आणि घासण्याच्या मालासाठी निसर्गातल्या कुरुंदावर अवलंबून राहायचे कारण उरले नाही. भारतात मुंबईजवळ उरणच्या मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलचा कारखाना निघाला, तर मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल. याच सुमारास शाळेची बाके, कचेरीची टेबले, दुकानांच्या पेढ्या, काचेची कपाटे अशी पॉलिशची मागणी तालुक्याच्या गावांपर्यंत येत होती. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारंज्याहून धावू लागली ती कापसासाठी. पण परतीच्या डब्यातून बाजाराचा मालही येतोच. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश चढवायचे तर खालचे लाकूड कागदाने घासलेले हवे. आता कागदाला धार लावता येत नाही. तो झिजला की फेकायचा आणि नवा आणायचा. सुताराच्या पेटीतले हे पहिले हत्यार असे, की ज्याची देखभाल म्हणजे खरेदी. बेल्ट सँडर हा याच कागदाचा, मोटारीला जोडलेला वंशज आहे. तेव्हा विजेने ही वाट मोठी केली, पाडली नाही.

दरम्यान सुताराचे मूळ काम आटत गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लाकडी नांगर हळूहळू मागे पडला. वऱ्हाडात वखर-डवरा त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकले. निर्णायक घाव बसला तो सोयाबीनने. गेल्या तीन-चार दशकांत वाशिम जिल्ह्यात कापूस आणि ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीनबरोबर ट्रॅक्टरमागचे पेरणीयंत्र आले. तिफण अडगळीत गेली. बैलगाडीला रबरी टायर आले तसे आरे-तुंब्याचे काम संपले. सुतार घरबांधणीकडे वळला: चौकट, दार, खिडकी, दिवाण, कपाट. इथे त्याला गुळगुळीतपणाचे पैसे मिळू लागले, कारण शहरातला माल पाहिलेला गिऱ्हाईक दारावरून हात फिरवूनच भाव करतो.

हातात धरून फिरवता येणारा बेल्ट सँडर तोवर जुना झाला होता. अमेरिकेत पोर्टर-केबल कंपनीसाठी आर्ट एमन्स यांनी तो १९२६ मध्ये घडवला. रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. मागे रबर चढवलेला रोलर, त्याला मोटार दातेरी पट्ट्याने फिरवते. पुढे मोकळा रोलर, स्प्रिंगने ताणलेला, मध्यभागी किंचित फुगीर. दोन्हींवरून सँडपेपरचा अखंड पट्टा. आणि खाली सपाट पत्रा, त्यावर ग्रॅफाइट लावलेले कापड, म्हणजे पट्टा घासून तापू नये. पट्टा मिनिटाला साधारण ३०० ते ५०० मीटर पळतो. मुंबईची रॅलीवुल्फ आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची कुलकर्णी पॉवर टूल्स यांनी देशी पॉवर टूल्सचा बाजार उभा केला. पुढे जपानी-जर्मन कंपन्या आणि त्यांच्यामागून चिनी माल आला. पण यंत्र बाजारात असणे आणि ते खेड्यात चालणे यांत वीज असते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, १९६१ मध्ये अकोला जिल्ह्यातल्याच पारसला ३० मेगावॅटचा संच सुरू झाला, आणि तारा खेड्यांकडे निघाल्या त्या मुख्यतः विहिरीवरच्या पंपांसाठी. सुतारासाठी कोणी खांब रोवले नाहीत.

याचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. पंप आले म्हणून जळलेल्या मोटारी आल्या, आणि जळलेल्या मोटारी आल्या म्हणून तालुक्याच्या गावी वाइंडिंगची दुकाने आली. सुताराचा सँडर बिघडला की तो जातो या दुकानात, पाणबुडी मोटारींच्या रांगेत. म्हणजे लोहाराची जागा वाइंडिंगवाल्याने घेतली. पण हा गावातला नव्हे, बलुत्यातला नव्हे, आणि त्याचे खरे गिऱ्हाईक शेतकरी. रब्बीत ओलिताची घाई असते तेव्हा पाच अश्वशक्तीची मोटार आधी बांधली जाते आणि सँडरचे आर्मेचर फळीवर पडून राहते. त्यात त्या मुठीएवढ्या आर्मेचरचे तलम तारेचे काम पंपाच्या मोटारीहून किचकट, आणि मजुरी त्या मानाने थोडी. सुताराचे वेळापत्रक आता सोयाबीन आणि हरभऱ्याच्या वेळापत्रकाला टांगलेले आहे, आणि तेही तो शेतीची अवजारे करायचे सोडल्यानंतर! गावगाड्याने अशी थट्टा कधी केली नसती.

तरीही सँडरचे सगळेच दुखणे मोटारीचे नसते, किंबहुना बहुतेक नसतेच. सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे पट्टा एका बाजूला सरकतो आणि मशीनच्या अंगावर घासून फाटतो. बाजूच्या ट्रॅकिंगच्या स्क्रूने पुढचा रोलर किंचित तिरका होतो आणि पट्टा मध्ये येतो. मशीन उलटी धरून, चालू करून, पाव-पाव फेरा देत हे करायचे असते. स्क्रू संपला तरी पट्टा मध्ये येत नसेल, तर दोष स्क्रूचा नाही. मागच्या रोलरचे रबर एका बाजूने झिजले असेल, पत्र्याखाली भुशाचा थर बसला असेल, किंवा पट्टाच एका कडेने ताणला गेला असेल. पट्टा उलटा घालून पाहिला की उलगडा होतो: सरकण्याची बाजू बदलली तर दोष पट्ट्यात, तीच राहिली तर रोलरमध्ये. मात्र ही परीक्षा क्षणभराचीच, लाकडाला न टेकवता. कारण पट्ट्याच्या आतल्या बाजूचा बाण फिरण्याच्या दिशेनेच लागतो, नाहीतर तिरका चिकटवलेला जोड उखडतो. पावसाळ्यात पट्ट्याच्या कापडाला ओल लागली की हाच जोड सुटतो, म्हणून पट्टे खिळ्याला न टांगता जाड पाइपावर, कोरड्या जागी ठेवायचे. सागाचे तेल आणि जुन्या वार्निशचा चिकटा पट्ट्यात भरला की तो कापायचे सोडून लाकूड जाळतो. तेव्हा चालत्या पट्ट्यावर जुन्या चपलेचा क्रेप रबरी तळ दाबला की चिकटा उचलून येतो आणि पट्टा पुन्हा चालतो. यातले एकही काम वाइंडिंगवाल्याचे नाही. धार गेली म्हणून देखभाल संपली असे समजणाऱ्याला हे दिसत नाही. मनगटाची जागा डोळ्याने आणि कानाने घेतली, एवढेच.

मोटारीचेही तसेच आहे. कार्बनचे ब्रश झिजून पाच-सहा मिलिमीटरवर आले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, कम्युटेटरवर ठिणग्या वाढतात आणि तांबे काळे पडते. कार्बनची जोडी स्वस्त, आर्मेचर महाग. पहिली वेळेवर बदलली तर दुसऱ्याचे आयुष्य वाढते. दुसरे कारण दाबाचे. विजेचा दाब २३० व्होल्टऐवजी १८० वर उतरला, वर बारीक तारेची लांब एक्स्टेन्शन जोडली, की मोटार मंदावते. मंदावली की कारागीर वरून जोर देतो. जोर दिला की ती आणखी मंदावते, करंट वाढतो, आणि तिच्याच आसावर बसलेला पंखा मात्र हळू फिरल्याने थंड हवा देत नाही. सँडरवर जोर द्यायचाच नसतो. त्याचे वजन पुरते. वाइंडिंग जळाल्याचा दोष बिचाऱ्या कंपनीवर जातो. विद्युत मंडळाचे विभाजन २००५ मध्ये झाले, त्याच्या आसपासची वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात प्रचंड भारनियमनाची. शेती आणि गावठाण यांचे फीडर महावितरणने वेगळे केल्यावरच खेड्यातल्या एक फेजच्या यंत्राला जरा भरवशाची वीज मिळू लागली. खेड्यातल्या पॉवर टूल्सचा इतिहास लिहायचा तर विक्रीच्या आकड्यांइतकेच या फीडरांकडे पाहावे लागेल.

आणखी एक आक्षेप असा, की हे सारे आता गैरलागू झाले आहे. प्लाय आणि सनमायका आल्यावर घासायचे राहिलेच काय? सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने विनापरवाना आरागिरण्यांवर टाच आली, घन लाकूड महागले आणि कपाटे-पलंग फळ्यांऐवजी बोर्डात होऊ लागले, हे खरे आहे. सनमायकावर सँडर चालवला तर नक्षीच उडेल. पण बाहेरची चौकट आणि पुढचे दार अजून सागाचे किंवा बाभळी-कडुनिंबाचे लागते, आणि जुन्या घरांची मोडलेली दारे, वासे विकत घेऊन त्यांतून नवे काम काढणे महागाईमुळे वाढलेच आहे. जुन्या सागावर रंधा चालवताना दडलेला खिळा पात्याची धार घालवतो. सँडरचा पट्टा त्या जागी फार तर फाटतो. लाकूड महाग झाल्याने सँडरची गरज वाढली, असे म्हणण्याला आधार आहे.

आता सरकारही या धंद्यात लक्ष घालते. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, ती उत्तरेकडच्या विश्वकर्मा पूजेच्या मुहूर्तावर. १८ व्यवसायांत सुतार आहे, थोडे प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये आहेत, ५ टक्के व्याजाचे कर्ज आहे. २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशिमला याचा उपयोग आहेच. माझी हरकत एवढीच की योजनेची नजर हत्यार मिळण्यावर थांबते. रबरी रोलर, ग्रॅफाइटचे कापड, दातेरी पट्टा, कार्बनची जोडी हे चार सुटे भाग जिल्ह्यातल्याच मालेगावात किंवा मानोऱ्यात दुकानात मिळाले तर जे साधेल ते दुसऱ्या नव्या मशीनने साधणार नाही. भुशाच्या पिशवीचेही तेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले, आणि सँडरची पिशवी ही फुप्फुसासाठीही आहे आणि बेअरिंगसाठीही. फाटली की ती काढून फेकली जाते आणि तिथून पुढे दोन्ही सारखीच भरत जातात.

बाजारात आता बॅटरीवर चालणारे, कार्बनच नसलेले सँडर येत आहेत. त्यांच्यात ठिणगी नाही, विजेच्या दाबाची कटकट नाही. पण बिघडले तर आत तांब्याच्या तारेबरोबर इलेक्ट्रॉनिक पट्टी आहे, आणि ती रिसोडच्या वाइंडिंगवाल्याला बांधता येणार नाही. म्हणजे लोहारानंतर आता त्याचीही पाळी आली. सुताराच्या वाट्याचे काम मात्र या नव्या मशीनमध्येही जसेच्या तसे आहे: रबर झिजते, पत्र्याखाली भुसा बसतो, पट्टा एका कडेला सरकतो.